राखणीच्या नावाखाली

आदरणीय डॉक्टर मॅडम,

वय ५३. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबाग आहे. चार वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे. आठ महिन्यांपूर्वी लिंग ताठ झालं की दुखायला लागलं. मग वरच्या अंगाला चिंचोक्याएवढं टणक काहीतरी हाताला लागलं, आणि आता ताठ झालं की वरच्या बाजूला कमानीसारखं वाकतं. लांबीही कमी झाल्यासारखी वाटते. एरवी बघितलं तर काही दिसत नाही. मोबाइलवर शोधलं तर कॅन्सरपर्यंत सगळं वाचून काढलं. तालुक्याला लॉजवर दर मंगळवारी एक जण बसतो, त्याला दाखवलं. 'नस आखडली, लहानपणच्या चुका भोवल्या' म्हणाला. तेलाचे आणि पुड्यांचे १४,००० रुपये घेतले. फरक काही नाही. आता दुसऱ्या कोर्सचे ९,००० घेऊन पुन्हा मंगळवारी बोलावलंय.

मंडळींना यातलं काही माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली. राखणीच्या नावाखाली मी बागेतल्या शेडवर झोपायला जातो. ती कामापुरतंच बोलते. गेल्या महिन्यात एकदाच म्हणाली, 'दुसरीकडे कुठे जीव रमला असेल तर सांगून टाका.' मला काय बोलावं सुचलं नाही. मुलगा लग्नाचा आहे, त्यालाही हे होईल का? उजव्या हाताची शेवटची दोन बोटंही हल्ली पुरती सरळ होत नाहीत, छाटणीची कात्री धरायला त्रास होतो, पण ते वयामुळे असेल. कधी कधी जगण्यात राम वाटत नाही. ऑपरेशन करावं लागेल का? कृपया नाव छापू नका.

— एक बागायतदार

नमस्कार भाऊ,

आधी कॅन्सरचं बघू, कारण रात्री शेडवर तुम्हाला झोप लागत नसेल ती त्याच भीतीने. तुम्ही जे लिहिलंय ते कॅन्सरसारखं नाही. लिंगाचा कॅन्सर बहुतेक वेळा बोंडाच्या किंवा त्यावरच्या कातडीवर दिसतो. न भरणारी जखम, वाढत जाणारा मांसाचा कोंब, रक्त, घाण वासाचा स्राव. असं काही असेल तर उद्याच्या उद्या दाखवा. पण कातडीखाली टणक चकती, ताठ झाल्यावर दुखणं, एका अंगाला वाक आणि लांबी कमी वाटणं, हे चारही एकत्र आले की आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते पेरोनीज डिसीजचं. त्याचा पुढे कॅन्सर होत नाही. तो कुणाकडून लागत नाही, तुमच्याकडून बायकोला होत नाही. आणि हस्तमैथुनाशी, 'लहानपणच्या चुकां'शी त्याचा काडीचा संबंध नाही.

तपासल्याशिवाय पक्कं निदान करणं बरोबर नाही. पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीने माझा संशय बळावला, आणि नेमकी तीच ओळ तुम्ही वयावर ढकलून मोकळे झालात. बोटांची. आत्ता वाचता वाचता उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवून दाबून बघा. तळवा आणि पाचही बोटं टेबलाला पूर्ण टेकतात का? टेकत नसतील, आणि तळव्यावर करंगळीच्या किंवा तिच्या शेजारच्या बोटाच्या रेषेत कातडीखाली दोरी ओढल्यासारखं घट्ट लागत असेल, तर त्याला डुप्युट्रेन्स कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. तळव्याच्या कातडीखालचा पडदा जाड होतो, आखडतो आणि बोटाला आत ओढतो. लिंगात होतं तेही याच जातीचं. बऱ्याच जणांत ही दोन्ही दुखणी जोडीने दिसतात आणि मधुमेह असलेल्यांत दोन्ही जास्त आढळतात. तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा हातही पुढे करा. लाज वाटत असेल तर सुरुवातच हातापासून करा.

आता आत नेमकं काय झालंय ते सांगते. सायकलच्या ट्यूबला पंक्चरचं ठिगळ लावतात, ते आठवा. टायरबाहेर काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरली की सगळी ट्यूब फुगते, ताणते, पण ठिगळाची जागा ताणत नाही. मग ट्यूब ठिगळाच्या बाजूला वाकते. हवा काढली की काही कळतही नाही. लिंगात स्पंजासारख्या दोन लांब नळ्या असतात, त्यांत रक्त भरलं की ताठरता येते. त्यांच्याभोवती मजबूत पण ताणलं जाणारं आवरण असतं, ट्युनिका अल्बुजिनिया नावाचं. संबंधाच्या वेळी लिंग पुरतं ताठ नसताना मुडपलं, आपटलं, तर या आवरणाला बारीक इजा होते. बहुतेकांना अशी घटना आठवतही नाही. इतरांची ती इजा निमूट भरून येते. काहींच्या शरीरात मात्र भरताना गरजेपेक्षा जास्त, घट्ट वण तयार होतो. तुमचा चिंचोका म्हणजे तो वण, म्हणजेच ते ठिगळ. वण वरच्या बाजूला, म्हणून वाकही वरच्या बाजूला. एरवी काही दिसत नाही ते याचमुळे.

हे दुखणं तुमच्यापासून सुरू झालेलं नाही. फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाचा शल्यचिकित्सक फ्रान्स्वा जिगो द ला पेरोनी याने १७४३ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून दुखण्याला त्याचं नाव पडलं. पन्नाशीच्या आसपास ते जास्त दिसतं, तिशीतही होतं. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसणाऱ्यांत आणखी कुणाला तरी ते असेल, फक्त तोही कुठल्या तरी शेडवर झोपत असेल. आपल्याकडे या विषयावर साधं बोलणंही फार महाग पडलेलं आहे. र. धों. कर्वे आपल्या मासिकातून वाचकांच्या अशाच पत्रांना उत्तरं देत, आणि त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मला उत्तर लिहिताना कुणी कोर्टात खेचणार नाही, तेव्हा मी आडपडदा न ठेवता लिहिते, तुम्हीही तसंच वाचा.

आठ महिने झालेत, हे फार महत्त्वाचं आहे. या आजाराचे दोन टप्पे असतात. पहिला चालू टप्पा, साधारण सहा ते अठरा महिन्यांचा. यात दुखतं, गाठ बदलते, वाक वाढू शकतो. नंतर स्थिर टप्पा. दुखणं थांबतं, वाक जिथे असेल तिथे थांबतो. तुम्ही अजून पहिल्या टप्प्यात दिसता. दुखणं बहुतेकांचं, म्हणजे दहातल्या नऊ जणांचं, आपोआप जातं. वाकाचं तसं नाही. काही उपचार न करता थांबलेल्यांवर लक्ष ठेवलं तेव्हा शंभरातल्या दहा-बारा जणांचाच वाक आपणहून कमी झाला, चाळिसेकांचा तसाच राहिला आणि उरलेल्यांचा वाढला. म्हणून 'जाईल आपोआप' म्हणत बसू नका. आणि 'आता सगळं संपलं' असंही मानू नका, कारण शंभरातल्या सगळ्यांनाच उपचार लागत नाहीत. थोडा वाक असेल, दुखत नसेल, संबंध जमत असतील तर डॉक्टरही नुसतं लक्ष ठेवतात.

दाखवायचं युरोलॉजिस्टला. पाटीवर एम.सीएच. युरोलॉजी किंवा डीएनबी युरोलॉजी असं वाचा. मुतखड्याला, प्रोस्टेटला ज्यांच्याकडे जातात तेच हे डॉक्टर, त्यामुळे वेटिंगमध्ये बसलेल्या कुणालाही तुम्ही मुतखड्याचेच पेशंट वाटाल. नाशिक शहरात असे डॉक्टर आहेत. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत युरोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे गर्दी असते, शिकाऊ डॉक्टर असतात, कदाचित तपासणारी मुलगी तुमच्या लेकीच्या वयाची असेल. तिने असे पेशंट पाहिलेले असतात. फार अवघड वाटलं तर 'पुरुष डॉक्टर मिळतील का' एवढं विचारता येतं, त्यात गैर काही नाही.

बोलायचं कसं, हाच खरा डोंगर असतो, मला माहीत आहे. माझ्याकडे एक गृहस्थ महिनाभरात तीनदा सर्दीसाठी आले. तिसऱ्या वेळी बाहेर जाऊन चपला घातल्या, एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, आणि दारातूनच म्हणाले, 'अजून एक होतं.' त्या 'अजून एक'साठी त्यांनी तीनदा फी भरली होती. तुम्ही आत गेल्या गेल्या एकच वाक्य म्हणा: 'ताठ झाल्यावर लिंग वाकतंय, आठ महिने झाले, वर टणक गाठ लागते.' पुढचे प्रश्न डॉक्टर विचारतील. तेही तोंडातून निघत नसेल तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवा. मला लिहिलंत ना इतकं, तेवढंच.

आणि जाताना फोटो न्या. वाक फक्त ताठ असतानाच दिसतो आणि दवाखान्यात तो दिसायचा नाही. घरी, म्हणजे तुमच्या बाबतीत शेडवर, ताठ असताना दोन फोटो काढा, एक वरून आणि एक बाजूने. चेहरा येऊ देऊ नका. मोबाइल मुलाच्या हातात जात असेल, किंवा फोटो आपोआप गुगलवर चढत असतील, तर आधी तो पर्याय बंद करा, फोटो लॉकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दाखवून झाले की काढून टाका. ही किरकोळ वाटणारी गोष्ट सांगतेय, कारण याच भीतीने माणसं फोटो काढत नाहीत आणि मग डॉक्टरांना अंदाजावर जावं लागतं. काही वेळा डॉक्टर तिथेच इंजेक्शन देऊन ताठरता आणतात, कोनमापकाने वाक मोजतात आणि डॉपलर सोनोग्राफीवर रक्तपुरवठा बघतात. सुई बारीक असते. मात्र त्या इंजेक्शननंतर ताठरता चार तास झाले तरी उतरली नाही तर रात्र असो की पहाट, लगेच परत जायचं.

उपचारांबद्दल. चालू टप्प्यात दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या देतात. तुम्हाला शुगर आहे, म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, मेडिकलमधून परस्पर नको, किडनीवर ताण येतो. ताण देणारं एक यंत्र असतं, ट्रॅक्शन डिव्हाइस म्हणतात. ते रोज ठरलेला वेळ, महिनोन् महिने लावावं लागतं. चिकाटी लागते, पण वाक आणि लांबी दोन्हींसाठी त्याचा काहींना उपयोग होतो. कुठलं, कसं, किती वेळ हे डॉक्टर सांगतील. जाहिरातीतला पंप मागवून स्वतः ओढाताण करू नका. व्हिटॅमिन ई च्या गोळ्या या आजारात वर्षानुवर्षं दिल्या गेल्या. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत त्या देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलंय, कारण फायदा दिसला नाही. शॉकवेव्हने, म्हणजे यंत्राने बाहेरून दिलेल्या लहरींच्या धक्क्यांनी, दुखणं कमी होऊ शकतं, वाक जात नाही. पॅकेज विकणारे हे दुसरं वाक्य सांगत नाहीत.

वणातच द्यायची इंजेक्शनंही असतात. ब्लडप्रेशरचं म्हणून ओळखलं जाणारं व्हेरापॅमिल वणात टोचतात, त्याचा परिणाम माणसागणिक कमी-जास्त असतो. कोलॅजिनेज नावाचं दुसरं एक आहे, ते वणातले धागे विरघळवतं. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१३ मध्ये परवानगी मिळाली. ३० अंशांहून जास्त वाक असलेल्यांसाठी ते आहे, महाग आहे आणि त्यात आवरण फाटण्याचा धोका असल्याने जाणत्या हातातच घ्यायचं असतं. युरोपच्या बाजारातून ते २०२० मध्ये काढून घेतलं गेलं. त्यामुळे 'आमच्याकडे परदेशी इंजेक्शन आहे' असं कुणी म्हणालं तर बाटलीवरचं नाव आणि बिल दोन्ही मागा.

ऑपरेशनचा निर्णय आज घ्यायचा नाही, हे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. चालू टप्प्यात ऑपरेशन करत नाहीत. आजार सुरू होऊन साधारण वर्ष उलटलेलं असावं आणि निदान तीन महिने वाकात बदल नसावा, असा नियम पाळतात. द्राक्षाची छाटणी वेळेआधी केली तर काय होतं ते मी तुम्हाला काय सांगावं. तेव्हाही संबंध अशक्य होत असतील तरच ऑपरेशन. ताठरता चांगली असेल आणि वाक फार नसेल तर वाकाच्या विरुद्ध बाजूला टाके घालून लिंग सरळ करतात. यात सरळ होतं, पण थोडी लांबी जाते. वाक खूप असेल तर वण कापून तिथे दुसरा तुकडा बसवतात, त्यात ताठरता कमी होण्याचा धोका जास्त. गोळ्या-इंजेक्शनांनीही ताठरता येत नसेल तर आत रोपण बसवतात, म्हणजे दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात. आपल्या बाबतीत किती लांबी जाईल, बधिरपणा येईल का, हे ऑपरेशनआधी स्पष्ट विचारा. 'पहिल्यासारखं अगदी होईल' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

तुमच्या शुगरचं आत्ताच हातात घ्या. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी कधी केली होती? शुगर हाताबाहेर असेल तर ताठरता आधी मंदावते, आणि अर्धवट ताठरतेत लिंग पुन्हा मुडपून नवी इजा होते. ताठरता कमी होणं हे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं दुखणं सुरू होत असल्याचं आगाऊ लक्षणही असू शकतं. म्हणून बीपी, कोलेस्टेरॉल आणि गरज वाटली तर ईसीजीही करून घ्या. ताठरतेच्या गोळ्या डॉक्टर देतील, या आजारात त्या चालतात. पण छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेत असाल तर त्या गोळ्या अजिबात नाहीत, दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतेल इतकं खाली येतं. तंबाखू, बिडी जे काही असेल ते सोडा.

संबंध बंद करायलाच हवेत असं नाही. दुखत नसेल, जमत असेल तर चालतं. घाई नको, पुरतं ताठ झाल्याशिवाय नको, कोरडेपणा असेल तर मेडिकलमध्ये मिळणारी जेल वापरा, आणि बायको वर अशी स्थिती सध्या टाळा, त्यात मुडपण्याचा धोका जास्त. हाताने दाबून सरळ करायला जाऊ नका. कधी 'कट्' असा आवाज आला, ताठरता झटक्यात गेली आणि काळीनिळी सूज आली, तर ते लिंगाचं फ्रॅक्चर. लगेच मोठ्या रुग्णालयात जा, ऑपरेशन त्याच दिवशी व्हावं लागतं.

लॉजवरच्या माणसाबद्दल मला राग आवरत नाही. लैंगिक दुर्बलता बरी करतो अशी जाहिरात करणं हाच १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे, तरी एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर तेवढंच वाचायला मिळतं. पैशाचं दुःख आहेच, १४,००० म्हणजे तुमच्या बागेतल्या किती फवारण्या ते तुम्हाला माहीत. पण मला जास्त राग त्या 'लहानपणच्या चुकां'चा येतो. त्रेपन्न वर्षांच्या कष्टकरी माणसाला त्याने पाच शब्दांत गुन्हेगार करून टाकलं. ते तेल चोळणं आजपासून बंद. इजा झालेल्या जागेवर जोर लावून चोळल्याने तिथे पुन्हा इजा होते. पुड्याही बंद करा, पण फेकू नका. अशा पुड्यांत ताठरतेचं औषध किंवा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइडने शुगर भडकते. उरलेल्या पुड्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

आता मंडळींचं. हे मी शेवटी ठेवलं, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त दुखणं मला इथे दिसलं.

मी बाई डॉक्टर आहे, माझ्याकडे बायका जास्त येतात. त्या येतात अंगदुखीला, झोप लागत नाही म्हणून, 'बीपी बघा' म्हणून. ओळख पटणार नाही इतपत बदलून एकीची गोष्ट सांगते. चाळिशीच्या पुढची, शेतातली बाई. बीपी बघितलं, बरोबर होतं. पट्टा काढेपर्यंत ती पंख्याकडे बघत बसली आणि म्हणाली, 'मॅडम, पिशवी काढल्यावर बाईमध्ये काही राहत नाही का?' मी म्हटलं, कोण म्हणालं असं? म्हणाली, 'कुणी नाही. पण हे आता वर झोपतात.' नवऱ्याने तिला एक शब्द वाईट बोललेला नव्हता. तो फक्त वर झोपायला लागला होता. त्या रिकाम्या जागेत तिने स्वतःची पिशवी ठेवली आणि स्वतःलाच दोषी ठरवून बसली. नवऱ्याचं कारण अगदी वेगळं निघालं, ते इथे सांगायची गरज नाही.

तुम्ही पत्रात लिहिलंत, 'दोन वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली.' तुम्ही ते एक माहिती म्हणून लिहिलंत. त्यांच्यासाठी ती नुसती माहिती नसेल. आठ महिने नवरा शेडवर झोपतो, अंगाला हात लावत नाही, नजर चुकवतो. यावरून एक तर त्याचं बाहेर काहीतरी आहे, नाहीतर आपणच टाकाऊ झालो, एवढे दोनच अर्थ त्यांच्या हाताशी उरतात. पहिला त्यांनी एकदा तोंडाने उच्चारला. दुसरा त्या उच्चारणार नाहीत. तो तुम्हाला पुसायचाय.

म्हणून सांगा, आणि लवकर सांगा. रात्री अंथरुणावर नको, तिथे दोघांच्याही मनावर दडपण असतं. दुपारची भाकरी घेऊन त्या बागेत येतात ना? बांधावर शेजारी शेजारी बसा, समोरासमोर नको. नजर वेलांवर असली की अवघड बोलणं सोपं जातं. पाल्हाळ लावू नका. म्हणा, 'अगं, मला एक दुखणं झालंय, खालचं. आठ महिने झाले. लाजेने सांगितलं नाही. तुझ्यात काही कमी नाही, बाहेरचं तर काहीच नाही. दवाखान्यात जायचंय.' एवढंच. पुढे त्या काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. कदाचित रडतील, कदाचित 'आठ महिने मला मारलंत' म्हणून भांडतील. भांडू द्या, तो त्यांचा हक्क आहे. वाद घालू नका, शेडवर उठून जाऊ नका. त्याच रात्रीपासून घरात झोपा. संबंध जमोत न जमोत, एका खोलीत झोपा. हात धरा. बरं होईपर्यंत जवळ यायचंच नाही असं काही नसतं, जवळ येण्याच्या दहा तऱ्हा असतात, आणि तीस वर्षांच्या संसारात त्या तुम्हाला दोघांना नवीन नसतील.

मुलाची काळजी सोडा. काही घरांत असा वण धरण्याचा कल दिसतो, पण बहुतेक पेशंटच्या घरात दुसऱ्या कुणालाच हे नसतं. त्याच्या लग्नाच्या बोलण्यात हा विषय आणायचं काहीच कारण नाही. फक्त पुढेमागे कधी त्याला काही झालंच, तर बापाने आठ महिने दडवलं तसं त्याने दडवू नये, एवढी मोकळीक घरात असू द्या.

आणि ते वाक्य, 'जगण्यात राम वाटत नाही.' ते मी ओलांडून पुढे जाणार नाही. या आजाराच्या पेशंटना विचारलं तेव्हा जवळजवळ निम्म्यांत नैराश्याची लक्षणं आढळली, म्हणजे तुम्ही कमजोर आहात असा याचा अर्थ नाही. पण मी सरळ विचारते: जीव द्यावा असं मनात येतं का? येत असेल, एकदाही आलं असेल, तर युरोलॉजिस्टच्या आधी आजच १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं. रात्री शेडवर एकटं राहू नका. आणि मंडळींना जे सांगाल त्यात हेही घाला.

राहिलं मंगळवारचं. त्या दिवशी घरातून निघायचं तुमचं ठरलेलंच आहे, ९,००० रुपयेही बाजूला काढून ठेवले असतील. निघा. फक्त लॉजवर जाऊ नका, पुढची नाशिकची गाडी धरा. आदल्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून नंबर लावा. शुगरचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पट्टी, पुड्या आणि ते दोन फोटो बरोबर घ्या. बांधावरचं बोलणं तोवर झालेलं असेल, तर कंडक्टरकडे एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट मागा. बायकांना एसटीत निम्मंच भाडं पडतं.

तुमची,
डॉक्टरताई